टणटणीचे हत्ती आणि त्यांचा हिशोब

आमच्या बांधावरची टणटणी आजोबांनी तीनदा काढली, वडिलांनी दोनदा, आणि ती अजून तिथेच आहे. कुणी तिला घाणेरी म्हणतं, विदर्भाकडे रायमुनिया. नाव कुठलंही घ्या, पान चुरगाळल्यावर बोटांना चिकटणारा तो उग्र वास सगळीकडे सारखाच. पिकून काळी झालेली फळं आम्ही शाळेतून येताना खायचो. हिरव्याला हात लावायचा नाही, अशी घरून ताकीद असायची. गुरं तिला तोंड लावत नाहीत. चाऱ्याच्या टंचाईत लावलंच तर यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटून निघते. कुंपण सोडलं तर कशाच्याच उपयोगाची नाही, असं आमच्याकडे तिच्याबद्दल सगळ्यांचं मत.

म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळुरूच्या लालबागेत एका हत्तिणीच्या पोटाशी उभा होतो आणि शेजारचा गृहस्थ मुलाला सांगत होता, ‘हे सगळं लँटाना आहे’, तेव्हा लँटाना म्हणजे आपली टणटणी हे डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

हत्तीण खऱ्या हत्तिणीच्या मापाची. चौथरा नाही, थेट गवतात उभी. लांबून पाहताना एखादा कळप चरत चरत बागेत शिरलाय असंच वाटत होतं. जवळ गेलं की मात्र हत्ती हरवतो आणि काड्या दिसायला लागतात. उभ्या चिरलेल्या, साल काढलेल्या, तपकिरी. खांद्यावरून निघालेल्या काड्या पुढच्या पायाकडे उतरताना वळतात, कुशीवर ओटीपोटाच्या गोलाईने जातात, कानाच्या मुळाशी एकमेकींत घुसतात. करणाऱ्याने काडी नुसती बसवलेली नाही, कातडीखालचा स्नायू जिकडे ओढतो तिकडे ती वळवली आहे. मधेच एखादी गाठ, तिच्या शेजारी खिळ्याचं बारीक डोकं. मला आठवला तो गावाकडचा कुड, शेणाचा हात फिरायच्या आधीचा. कारवीच्या काड्या अशाच ओळीने उभ्या, फटीतून पलीकडचा उजेड दिसणारा.

त्या दिवसापासून या हत्तींच्या मागे लागलो. मूळ प्रश्न साधा होता: जंगल खाऊन टाकणारं झुडूप तोडायचं, त्याचे हत्ती करायचे, ते विकायचे, या गोष्टीत खरं किती आणि बोलायला गोड किती?

गुडलूर

हे हत्ती येतात गुडलूरहून. नीलगिरीच्या पश्चिम उतारावरचा, तमिळनाडूचा अगदी कोपऱ्यातला भाग. थोडं पुढे गेलं की एकीकडे केरळ, दुसरीकडे कर्नाटक. मुदुमलाई, बंदीपूर आणि वायनाड या तिन्ही जंगलांच्या मधे तो सापडलेला आहे. जंगल म्हणावं तर सगळीकडे चहाचे मळे, कॉफी, वाड्या, शाळा. आणि गाव म्हणावं तर चहाच्या दोन ओळींमधून हत्ती चाललेला. तिथल्या काही हत्तींचं येणं-जाणं हंगामापुरतं नसतं, ते मळ्यांतच राहतात. लोक त्यांना नावानिशी ओळखतात. कोणता शांत, कोणता रेशनच्या दुकानाचं दार फोडणारा, हे सांगता येतं. माणसं मरतातही. हे सांगायलाच हवं, कारण प्रदर्शनाच्या हिरवळीवर त्याचा विसर पडतो.

तर्श ठेकेकरा हे या भागात वाढलेले, माणूस आणि हत्ती यांच्या शेजारावर वर्षानुवर्षं अभ्यास केलेले संशोधक. त्यांच्याबरोबर चित्रकार-डिझायनर शुभ्रा नायर आणि ‘एलिफंट फॅमिली’ या ब्रिटिश संस्थेकडून आलेल्या रूथ गणेश. यांच्या खटपटीतून ‘रिअल एलिफंट कलेक्टिव्ह’ उभं राहिलं. विणणारे हात स्थानिक आदिवासींचे: पणिया, बेट्टा कुरुंबा, काट्टुनायकन आणि सोलिगा. आज कारागिरांची संख्या २०० च्या घरात सांगितली जाते. यांतले पणिया म्हणजे जमीनदारांच्या दावणीला पिढ्यान्‌पिढ्या बांधले गेलेले मजूर. बेट्टा कुरुंबांमधले अनेकजण मुदुमलाईच्या तेप्पक्काडू कॅम्पात माहूत. हत्तीची पाठ कुठे उतरते आणि उभा राहताना तो कोणता पाय सैल सोडतो, हे त्यांना फोटोवरून शिकावं लागत नाही. फोटो तरी वापरले जातातच, कारण इथला प्रत्येक हत्ती गुडलूरच्या रानातल्या एका खऱ्या हत्तीवरून बेतलेला असतो. मादी, पिल्लू, सुळेवाला, कान फाटलेला म्हातारा, असा आख्खा गोतावळा.

जाता जाता एक मराठी धागा. ‘एलिफंट फॅमिली’ ही संस्था २००२ मध्ये मार्क शँड यांनी काढली. १९८० च्या दशकाच्या शेवटी हा माणूस ओडिशात तारा नावाची हत्तीण विकत घेऊन तिच्यावरून सोनपूरच्या मेळ्यापर्यंत गेला होता. त्या वाटेवर त्याच्यासोबत छायाचित्रकार आदित्य पाटणकर होते. म्हणजे या कळपाच्या पूर्वजांत कुठेतरी एक पाटणकर आहेत.

काडीची कातडी होते कशी

टणटणीचं खोड बांबूसारखं सरळ नसतं. कोवळी फांदी चौकोनी, कडांना बारीक काटे, आणि वीत-दोन वितीवर पेर. जून झाली की लाकूड कडक. त्यामुळे ती आहे तशी वाकत नाही, मोडते. गुडलूरला काड्या तोडून आणल्यावर मोठ्या भांड्यांत उकळतात. उकळल्याने दोन कामं होतात, साल सुटते आणि काडी नरम पडते. मग ती चिरायची आणि ओली असेपर्यंत वळवून बसवायची. आत लोखंडी सळयांचा सांगाडा असतो. त्याच्यावर हत्तीचा आकार आधीच पक्का झालेला असतो, काड्या खिळ्यांनी त्यावर चढत जातात. म्हणजे काटेकोर बोलायचं तर हे टोपलीसारखं विणकाम नव्हे. टोपलीत काडीच सांगाडा असते आणि काडीच भिंत. इथे हाड लोखंडाचं आणि कातडी टणटणीची.

हे मी घरी करून पाहिलं. हत्ती नव्हे, नुसता कान. पाणी तापवायच्या जुन्या पातेल्यात दीड तास काड्या उकळल्या. घरभर वास सुटला, त्याबद्दल ऐकून घेतलं. साल खरंच सुटते, नखाने ओढली तरी लांब पट्टी निघते आणि आतून फिकट पिवळसर लाकूड दिसतं. पण भांड्यातून काढल्यावर काही मिनिटांतच काडी पुन्हा हट्टी होते. पेरापाशी वाकवली की तिथेच तडकते. वीसपैकी सात काड्या धड वळल्या. कान म्हणून जे झालं ते शेजारच्या मुलीला सुपाचा तुकडा वाटला.

आठवड्याच्या बाजारात पाट्या विकायला बसणाऱ्या एका कैकाडी बाईंना विचारलं, ‘मावशी, टणटणीची पाटी होईल का हो?’

त्यांनी माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं. ‘टणटणी? गाठी किती तिला! निरगुडी कशी, वळवशील तशी वळती. तरवड बी चालतो. टणटणीची पाटी करायची म्हंजी हाताची सालटं काढायची, आन घेणार कोण?’

घेणार कोण, हा प्रश्न त्यांनी अगदी नेमका विचारला. टणटणीवर हात बसवण्याचे प्रयत्न आपल्याकडे याआधीही झाले आहेत. बंगळुरूच्या ‘एट्री’ या संशोधन संस्थेने माले महादेश्वर टेकड्यांतल्या सोलिगांबरोबर २००४ च्या सुमारास टणटणीचं फर्निचर सुरू केलं, कारण बांबू दुर्मिळ होत चालला होता आणि टणटणी फुकट होती. खुर्च्या चांगल्या झाल्या, टिकाऊही. या लाकडाला कीड सहसा लागत नाही. पण खुर्चीची तुलना वेताच्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीशी होते, भाव तिथेच अडतो. हत्तीची तुलना कशाशीच होत नाही. अमेरिकेत पिल्लाची किंमत ८ हजार डॉलर आणि मोठ्या सुळेवाल्याची २२ हजार डॉलर ठेवली गेली, ती म्हणूनच. त्याच झुडपाची, त्याच हातांची काडी. तिची खुर्ची केली तर रुपयांत घासाघीस, हत्ती केला तर डॉलरमध्ये लिलाव.

कळप निघाला

२०२१ च्या उन्हाळ्यात शंभरावर हत्ती लंडनला पोचले. राजवाड्यासमोरच्या द मॉल रस्त्यावरून मिरवले आणि मग ग्रीन पार्क, सेंट जेम्स पार्क अशा बागांत उभे राहिले. करोनाने माणसं घरात बसली होती आणि रस्त्यांवर जनावरं दिसत होती, त्या दिवसांत ‘सहजीवन’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने कळत होता. मुहूर्त बरोबर लागला. त्यानंतर लालबाग. मग २०२४ च्या जुलैत ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या समुद्रकाठावरून १०० हत्ती अमेरिकेच्या फेरीवर निघाले: सप्टेंबरात न्यूयॉर्कचा मीटपॅकिंग भाग, वर्षाअखेर मायामीची वाळू, २०२५ मध्ये ह्यूस्टन, माँटानातला ब्लॅकफीट आदिवासींचा मुलूख, वायोमिंग आणि शेवटी बेव्हर्ली हिल्स. हत्ती विकून उभा राहिलेला पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो, अशी त्याची रचना.

शिल्प म्हणून यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचं उभं राहणं. स्मारकाच्या पुतळ्याला चौथरा असतो, साखळी असते, मान वर करून बघायचं असतं. हे हत्ती रस्त्यात येतात. न्यूयॉर्कच्या फरसबंदीवरच्या छायाचित्रांत माणसं कॉफीचे पेले घेऊन त्यांच्या पायांमधून वाट काढताना दिसतात. गुडलूरचा माणूस रोज पहाटे हेच करतो, फक्त त्याच्या समोरचा हत्ती हलतो.

काड्यांची उघड्यावरची मोठी शिल्पं म्हटलं की जगात पहिलं नाव निघतं अमेरिकेतल्या पॅट्रिक डॉहर्टी यांचं. १९८२ पासून या माणसाने तीनशेच्या वर कामं केली आहेत. विलो, मेपल अशी जवळपास मिळतील ती कोवळी झाडं तोडायची, गावातले स्वयंसेवक गोळा करायचे, आणि तीन आठवड्यांत माणूस आत शिरेल एवढं काहीतरी, झोपड्या, मनोरे, वाऱ्याने कललेले रांजण, विणून उभं करायचं. काडी बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे निमुळती असते, याचा ते पेन्सिलच्या फटकाऱ्यासारखा उपयोग करतात. सगळे शेंडे एका दिशेने वळवले की भिंत पळायला लागते. साधारण दोन वर्षांनी काड्या कुजायला लागतात, मग सगळं उतरवून भुसा करून झाडांच्या बुडाशी घालतात. होनोलुलूत २००३ मध्ये त्यांनी एक काम स्ट्रॉबेरी पेरूच्या काड्यांचं केलं होतं. तो पेरू म्हणजे हवाईची टणटणीच, बाहेरून आलेला आणि जंगल गिळणारा.

डॉहर्टींची वीण तिथेच जन्मते, तिथेच मातीत जाते, विकता येत नाही. गुडलूरच्या हत्तीला समुद्र ओलांडायचा आहे, वाळूत उभं राहायचं आहे, कुणाच्या तरी बागेत वर्षानुवर्षं टिकायचं आहे. म्हणून त्याच्या पोटात लोखंड. शुद्ध काडीकामाचा चाहता यावर नाक मुरडेल. मीही आधी मुरडलं होतं. पण न विकलं जाणारं शिल्प करणं हे ज्याचं पोट दुसरीकडून भरतं त्याला परवडतं. पणियांना तीन आठवड्यांची हौस नको, बारा महिन्यांचा रोज हवा. लोखंडी सांगाडा म्हणजे त्या रोजाची हमी.

टणटणी किती कमी झाली?

आता खरा हिशोब. या हत्तींबद्दल जिथे तिथे लिहिलेलं असतं की जंगलातलं घातक झुडूप काढून ते केले जातात, त्यामुळे जंगलही मोकळं होतं. पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. दुसऱ्यापाशी थांबायला हवं.

टणटणी मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. १८०० नंतरच्या पहिल्या दशकात शोभेचं झाड म्हणून ती कोलकात्याच्या कंपनी सरकारच्या बागेत आली. बुलबुलांनी फळं खाल्ली आणि बिया देशभर नेल्या. २०२० मध्ये निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या वाघांच्या मुलखातलं सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगल तिने व्यापल्याचं दिसतं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे निम्मा महाराष्ट्र.

समजा, एका हत्तीसाठी एक अख्खा हेक्टर साफ होतो. मी मुद्दाम उदारपणे धरतोय. मग १०० हत्तींमागे १०० हेक्टर, म्हणजे एक चौरस किलोमीटर. उरले १,५३,९९९.

दुसरी अडचण आकड्याहून वाईट आहे. टणटणी वरून तोडली की मरत नाही, बुंध्यातून फुटते. ती खरोखर काढायची रीत दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटमध्ये घालून दिली: मुख्य मूळ जमिनीच्या किंचित खाली, जिथून फुटवे येतात त्या भागाच्याही खाली तोडायचं, आणि झुडूप उपटून उलटं टाकायचं, म्हणजे मुळं मातीला टेकणार नाहीत. मग पुढची काही वर्षं बियांतून येणारी रोपं वेचत राहायचं, आणि मोकळ्या जागी गवत लावायचं, नाहीतर तीच परत येते. विणणाऱ्याला मात्र मूळ नको असतं, त्याला लांब सरळ काडी हवी. आणि सगळ्यांत सरळ काड्या मिळतात कुठे? छाटलेल्या बुंध्यातून आलेल्या फुटव्यांतच. कैकाडीही निरगुडीला याच कारणासाठी दरसाल छाटतो. म्हणजे विणकामाची गरज आणि उच्चाटनाची गरज यांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत. उद्या हत्तींना मागणी दसपट झाली, तर टणटणी हे पीक होईल, आणि पीक कुणी मुळासकट काढत नाही.

म्हणून माझं मत असं की हत्तींच्या माहितीतला जंगल-सफाईचा दावा सरळ खोडावा. त्याने बाकीच्या गोष्टीला उगाच खोटेपणाचा वास लागतो. बाकीची गोष्ट बळकट आहे. जे लोक हत्तीच्या भीतीत राहतात त्यांना हत्ती घडवण्याचे पैसे मिळतात. हत्तीने घर मोडलेल्या माणसाच्या गावात हत्ती हा उत्पन्नाचा आकार झाला आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या सरकारी भाषेत ‘सहजीवन’ म्हणतात त्याचा रोख अर्थ यापेक्षा मोठा मी पाहिलेला नाही.

लालबागेतून परतल्यावर दोघातिघांनी विचारलं, आपल्याकडे का नाही? हत्ती तर आलेत. दोडामार्गात २००२ पासून कर्नाटकातून येतात, केळी आणि माडांचा फडशा पाडतात. गडचिरोलीत २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून कळप उतरला, धानाचे पुंजणे विस्कटले, माणसं गेली. टणटणीही आहे, काडीकामाचे हातही आहेत: बुरूड कामट्या काढतात, कैकाडी फोक विणतात. पण गुडलूरला हत्ती आणि माणूस पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत. तिथल्या कारागिराच्या रागातही ओळख आहे. तिलारीच्या खोऱ्यात ज्याची बाग काल रात्री आडवी झाली, त्याच्या दारात काड्यांचा हत्ती नेऊन उभा केला तर तो पहिल्यांदा काडेपेटी शोधेल, आणि त्याचं चुकणारही नाही. नुकसानभरपाई वेळेवर पोचणं हे तिथलं पहिलं शिल्प.

जूनच्या सुरुवातीला कानासाठी म्हणून मी बांधावरची एक जुनी टणटणी बुडापासून छाटली होती. मूळ काढायचा कंटाळा केला. दिवाळीत गावी गेलो तेव्हा मुद्दाम बघायला गेलो. बुंध्यातून अकरा फोक आले होते, माझ्या छातीइतके, एकही वाकडा नाही. विणायला अगदी हवे तसे.